होडीला हळद लागली

आमचे घरमालक कान्हा मढवी यांना चालू वस्तूंमध्ये काडीचाही रस नाही. पंखा फिरतोय तोवर त्यांच्या लेखी तो छताचा एक भाग. तोच पंखा एकदा "खट्ट" करून थांबला की कान्हाशेठ पायात चप्पल नसतानाही हजर. गोठिवली गावातल्या यच्चयावत मिक्सरांची, गिझरांची आणि इस्त्र्यांची पोटं त्यांनी उघडून पाहिली आहेत. त्यातली काही पुन्हा मिटलीही.

आधी ते बिघडलेल्या वस्तूला कान लावतात. मग डोळे मिटतात. मग "हां" म्हणतात. हे "हां" ऐकलं की मालकाने ती वस्तू गेली असं समजायचं आणि नवीन कुठे स्वस्त मिळते याची चौकशी सुरू करायची.

याला कारण त्यांची नोकरी. दिघ्याजवळच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला. बॉयलरच्या बाबतीत त्यांच्याकडून कधी चूक झाली नाही, आणि म्हणून बाकी कशाच्याही बाबतीत होऊ शकत नाही, असा त्यांचा समज आहे. "गरम पानी, वाफ आनी प्रेशर," ते छातीवर हात ठेवून सांगतात, "या तीन गोष्टी जगात फक्त मना कलतात."

आणि नेमकं त्यांच्याच दारात उभ्या असलेल्या जीपमधून पाणी गळत होतं.

या जीपला घरात 'होडी' म्हणतात. मढवींची खाडीतली शेवटची होडी विकली तेव्हा कान्हाशेठच्या वडिलांनी त्या बदल्यात ही जुनी जीप आणली आणि उरलेला होडीचाच रंग तिला फासला. वर निळा, खाली लाल. कान्हाशेठनी वैशालीवहिनींना लग्न करून आणलं ते या जीपमधून. नारळी पौर्णिमेला गावकरी नारळ घेऊन खाडीवर जातात. कान्हाशेठ आधी जीपच्या बंपरवर एक फोडतात आणि मग खाडीकडे निघतात. एरवीची होडी पाणी आत शिरलं की बुडते. मढवींची होडी पाणी बाहेर गेलं की बुडायची.

बुडायची म्हणजे काय, तर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हळूहळू चढत जायचा, बॉनेटमधून वाफ निघायची आणि गाडी रस्त्याच्या मधोमध देवळातल्या धुपाटण्यासारखी उभी राहायची. इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये जे पाणी फिरतं, ते वाटेत कुठेतरी निसटत होतं. कुठून, ते जगात फक्त एका माणसाला कळण्यासारखं होतं, आणि त्यालाच ते कळत नव्हतं.

तरीही हे सगळं चाललं असतं. पण मिथुनचा साखरपुडा झाला.

मिथुन हा कान्हाशेठचा मुलगा. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करतो, इस्त्रीचे शर्ट घालतो आणि मोबाइलवर इंग्रजीत "नोटेड" असं म्हणतो. तिकडच्याच गावातल्या ईश्वरीशी त्याचं जमलं. साखरपुड्याला मढवी मंडळी होडीतून गेली. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत काटा चढला, आणि होडी सोयऱ्यांच्या दारात पोचली ती वाफेच्या ढगातच. तिथे रीतीप्रमाणे ईश्वरीची आई नवऱ्या मुलाचे पाय धुवायला तांब्याभर पाणी घेऊन उभी होती. मिथुनने बूट काढले, मोजे काढले, पाय पुढे केला. तेवढ्यात कान्हाशेठनी "येक मिनिट" म्हणत त्या माउलीच्या हातातला तांब्या घेतला, बॉनेट उघडलं आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

मिथुनचे पाय कोरडेच राहिले. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत त्याचा चेहरा एकाच प्रकारचा आहे.

घरी आल्यावर त्याने जाहीर केलं, "पप्पा, बस झालं. मांडव घालायला दारात जागा पाहिजे. ही गाडी कळंबोलीला भंगारात जाणार. मी माणूस बघून ठेवलाय."

"बॉयलर गलला म्हनून कंपनी भंगारात टाकतात का रं?"

"कंपनी सासऱ्याच्या दारात उकळत नाही!"

शेवटी कान्हाशेठची थोरली बहीण सुमित्राबाई मध्ये पडली. सुमित्राबाई धवलारीण. आगरी लग्नात धवळे गाऊन सगळे विधी चालवते ती धवलारीण, आणि लग्नघरात तिच्या शब्दापुढे नवरदेवाचंही काही चालत नाही. तिच्यासमोर बापलेकांचा करार झाला. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत होडी पामबीच रोडने बेलापूरला जाऊन न उकळता परत आली, तर ती राहील, आणि मिथुन लग्नाला तिच्यातूनच जाईल. उकळली, तर हळदीच्या दिवशी कळंबोलीचा माणूस तिला घेऊन जाईल आणि कापेल.

"कापेल" या शब्दाला वैशालीवहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरोबर बोलतो मिथून. कवर त्या डबऱ्याचे लाड करायचे?" आणि त्यांनी एक पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं.

मी त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यामुळे बॅटरी धरण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं.

कान्हाशेठनी निदानाला शास्त्रशुद्ध सुरुवात केली. गळती नेमकी कुठे आहे ते कळावं म्हणून जीपखाली पांढरं कापड अंथरायचं ठरलं. कापड त्यांनी दोरीवरून घेतलं. ती माझी लुंगी होती, हे ती हिरवी झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लुंगीचं निरीक्षण केलं. मध्यभागी मोठा डाग, त्याच्या डावीकडे छोटा. "हे बगा सायेब, यो मोठा डाग म्हंजे रेडिएटर. यो बारका म्हंजे वॉटरपंप." मला तो मोठा डाग रायगड जिल्ह्यासारखा दिसत होता. मग त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं.

रेडिएटर जवळजवळ काठोकाठ भरलेला होता.

"गललंय पन कमी झाला नाय," कान्हाशेठ म्हणाले. त्यांनी झाकणाला कान लावला. डोळे मिटले. पण "हां" काही आलं नाही.

त्यानंतर रोज हेच. खाली ओल, वर पाणी बोटभरच कमी. गळती शोधायला वाकून बघावं तर एक थेंब पडत नसे. रेडिएटर चाचपला, कोरडा. पंप चाचपला, कोरडा. बरं, डागाचा रंगही एक नाही. एक दिवस हिरवट, एक दिवस गुलाबी, एक दिवस नुसतंच पाणी. कान्हाशेठनी आधी तीन वेगळ्या गळत्या आहेत असं निदान केलं. मग खाडीवरचं दव बॉनेटमधून आत झिरपतं असं केलं. शेवटी एका सकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सायेब, कोनला बोलू नका. होडी सोताच पानी बनवतेय."

"कसं शक्य आहे, शेठ?"

"वाफ थंड झाली की पानी व्हतं. बॉयलर शिकवतो ना मी तुमाला."

मुदतीचा दिवस उजाडला आणि त्याच दिवशी कळंबोलीचा माणूस आगाऊच गाडी बघायला आला. धनाजी त्याचं नाव. मूळचा साताऱ्याकडचा, पूर्वी ट्रक चालवायचा, आता लोखंड बाजाराशेजारी जुन्या गाड्या कापतो. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली, निळ्या पत्र्यावर हात फिरवला आणि मनाविरुद्ध बोलल्यासारखा बोलला, "लय झ्याक ठेवलीया वो. कापायचं जिवावर येतंय."

"मंग नको कापू," कान्हाशेठ म्हणाले.

"रेडिएटर गळतोय न्हवं? आमी घाटात असलं झालं की हळद टाकायचो. मूठभर हळद टाकायची, गाडी चालवायची. भोकात जाऊन बसती, गळणं बंद."

आता, ही युक्ती रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तेव्हाची. पण रेडिएटरला भोक आहे असं अजून कुणी सिद्ध केलं नव्हतं. हा मुद्दा मी मांडणार होतो, तोवर कान्हाशेठ घरात जाऊन मूठ भरून परत आलेही होते. वैशालीवहिनी मिसळणाचा डबा कपाटात बंद करून बाजाराला गेल्या होत्या. म्हणून कान्हाशेठनी पितळी भांड्यातली घेतली. सुमित्राबाईंनी बायका जमवून, जात्यावर धवळे गात दळलेली, वर तांबडं फडकं बांधून ठेवलेली लग्नाची हळद.

"शेठ, ती लग्नाची..."

"मूठभर घेतली. कोनला कलतंय?"

हळद रेडिएटरमध्ये गेली आणि आम्ही निघालो. घणसोली पार झाली, काटा शांत. वाशी पार झाली, काटा शांत. कान्हाशेठ गाणं म्हणू लागले. पामबीच रोडला लागल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून खाडीला नमस्कार केला. खाडीने बहुधा तो घेतला नाही. नेरुळच्या सिग्नलला गाडी थांबली, आणि काटा जिना चढावा तसा टपाटप चढला. कान्हाशेठनी वर्षानुवर्षं कामगारांना दिलेली सूचना स्वतः विसरून झाकणावर ओलं फडकं टाकलं आणि झाकण थोडंसं फिरवलं.

फुस्स.

पुढचं आम्हाला नीट दिसलं नाही, कारण आम्ही पिवळे झालो होतो. आम्ही वेळीच मागे उडी मारली म्हणून भाजलो नाही, पण नंतर तो फवारा आकाशातून अक्षतांसारखा सावकाश खाली आला. शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी मोबाइल काढला. हवालदाराने जवळ येऊन आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "दोघांतला नवरदेव कोण?"

गाडी थंड होऊ दिली, बाटलीतलं पाणी टाकून कशीबशी निम्मी भरली आणि थांबत थांबत घरी आलो. वैशालीवहिनी दारातच उभ्या होत्या.

"अवं, लगीन कोनाचा हाय? तुमचा, का या सायबांचा?"

 मिथुनने फोन उचलला. "धनाजी, उद्या संध्याकाळी या. घेऊन जा." एवढं बोलून तो आत गेला. पण जाताना बॉनेटवरचा हळदीचा एक शिंतोडा त्याने शर्टाच्या बाहीने पुसला. इस्त्रीच्या शर्टाच्या.

हळदीच्या दिवशी घरात पाहुण्यांची रांग, मांडवात डीजेवाल्याच्या वायरी, अंगणात मटणाच्या कढया. होडी मांडवाच्या कडेला ढकलून ठेवली होती. कान्हाशेठ तिच्या पायरीवर बसले होते. जेवायला बोलावलं तर "भूक नाय" म्हणाले. आगरी घरात हळदीच्या दिवशी मटणाला नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. जवळ जाऊन बसलो.

"सायेब," ते म्हणाले, "ये होडीतून मी बापाला हास्पिटलात नेला. मिथूनला घरी आनला. आज ही जानार आनी मना रोग पन कलला नाय. रोग कलला असता ना, तं मी सोताच्या हातान धनाजीला चावी दिली असती."

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी झाकण उघडलं, बोट घातलं आणि ते तसंच आत ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"काल निम्मी व्हती."

"हो."

"आता बोटभरच कमी हाय."

"पाणी बनवते म्हणालात ना?"

"काल वाफ कुठं व्हती रात्री? गाडी बंद हाय," ते म्हणाले. बॉयलरवाला जागा झाला होता. "सायेब, कोनतरी भरतंय. चटई आना."

आणि मग दोन पोक्त गृहस्थ भर दुपारी एका जीपखाली चटईवर उताणे झोपले. वर इंजिनाचं काळं पोट, बाजूने मांडवाची झालर. कान्हाशेठनी मला बॅटरी विझवायला आणि श्वास कमी घ्यायला सांगितलं.

थोड्या वेळाने पावलं आली. जीपखालून आम्हाला फक्त पाय दिसत होते. बोटांत चांदीची जोडवी, एका टाचेला चिकटपट्टी. कान्हाशेठनी माझा दंड दाबला. बॉनेट उघडलं. बुडबुड आवाज आला. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी वैशालीवहिनी बादलीत साठवतात, ते पाणी होतं. "मर मेले," त्या जीपला म्हणाल्या, "पन आज तरी कोरडी नको जाव." नाक ओढण्याचा आवाज आला आणि जोडवी निघून गेली.

"डबरा बोलते हिला," कान्हाशेठ कुजबुजले.

मग भेगाळलेले अनवाणी पाय आले, पैंजणं वाजत. सुमित्राबाई. त्यांनी शेवाळलेल्या विहिरीवरून आणलेल्या कळशीतलं थोडं हिरवट पाणी ओतलं आणि धवळ्याची एक ओळ पुटपुटली. नवरी सासरी निघते तेव्हाची. कान्हाशेठनी पालथ्या हाताने डोळे पुसले.

ते पाय जातात न जातात तोच पांढरे बूट आले. स्वच्छ, महागडे. इकडेतिकडे वळले. कुणी बघत नाही ना, याची बुटांनी खात्री करून घेतली. मग बॉनेट उघडलं, कसलंसं सील फाटल्याचा आवाज आला आणि आम्हाला गोडसर वास आला. इंजिन थंड ठेवणारं, दुकानातलं चांगलं गुलाबी कूलंट. मिथुन.

म्हणजे सकाळ-संध्याकाळ घरातला प्रत्येक माणूस दुसऱ्यांपासून लपून होडीला पाणी पाजत होता, आणि घरातला एकमेव तज्ज्ञ त्यावरून खाडीच्या दवाचा अभ्यास करत होता.  कान्हाशेठनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी एक थेंब त्यांच्या नाकावर पडला.

टप्.

गुलाबी.

मिथुनचे बूट गेले. कान्हाशेठ हलले नाहीत. दुसरा थेंब, टप्. त्यांनी डोळे मिटले. आणि त्या अंधारातून, इतक्या दिवसांनी, ते आलं.

"हां."

बॅटरी लागली. थेंब पंख्याच्या पातीवरून येत होता. पातीवर तो वरून येत होता. आम्ही बाहेर निघून वर शोधत गेलो, तर रेडिएटरच्या माथ्यावरून इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप. पाइपाच्या टोकाला तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पऐवजी नायलॉनची दोरी गुंडाळलेली, मासे पकडायच्या जाळ्याची, आणि तिला जाळ्याचीच पक्की गाठ. गाठीखाली रबराला चीर. पाणी काठोकाठ असलं की चिरेतून पाझरायचं, थोडं उतरलं की पाइप रिकामा आणि थेंब बंद. म्हणून बघायला गेलं की कोरडं. गाडी पळाली, प्रेशर आलं, की मात्र तिथूनच पिचकारी. रेडिएटरला भोक नव्हतंच. हळद बिचारी आत नुसती फिरत होती.

"ही गाठ कोणाची?" मी विचारलं.

"चांगली गाठ हाय," कान्हाशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिनं आजपरत येक मासा सोडला नाय."

पुढचं काम सोपं होतं. पाइप काढला. चिरेपुरता तुकडा सुरीने कापला. पाइप लांब होता, ओढून पुन्हा चढला. क्लॅम्प हवा होता. दुकानं लांब, धनाजी यायची वेळ झालेली. कान्हाशेठनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं.

"सायेब, तुमच्या गिझरच्या पाइपाला मी नवीन क्लॅम्प लावला व्हता नं?"

मी आठवडाभर थंड पाण्याने आंघोळ केली, त्याची ही हकीकत.

रेडिएटरचं खालचं तोंड उघडून पिवळं पाणी सोडलं, नवीन भरलं, पुन्हा सोडलं, तरी पिवळं. "जाऊ द्या," म्हणत कान्हाशेठनी किल्ली फिरवली. आम्ही गुपचूप निघालो. वाशी, नेरुळ, बेलापूर, आणि परत. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला आम्ही काट्याकडे बघत होतो, आणि काटा जेवण झाल्यावर आडवा व्हावा तसा पडून होता. नेरुळच्या सिग्नलला तोच हवालदार होता. त्याने आम्हाला ओळखलं आणि चार पावलं मागे सरकला.

परत आलो तेव्हा मांडव लखलखत होता, आणि गेटासमोर धनाजीची क्रेनवाली गाडी उभी होती. मिथुन पाटावर बसला होता. उष्टी हळद न्यायला ईश्वरीचे काका न्हाव्याहून आले होते. नवऱ्याला लावून उरलेली हळद ती उष्टी. ती नवरीकडे जाते आणि मग तिला लागते. कान्हाशेठ धापा टाकत मांडवात शिरले.

"मिथून! जाऊन आयली! बेलापूरला! काटा हलला नाय!"

मिथुन उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. पण समोर सासरचे काका बसले होते, आणि काका हसून शेजारच्याला सांगत होते, "हीच ती गाडी, पाय धुवायचं पाणी प्यायलेली."

मिथुनचा चेहरा साखरपुड्याच्या फोटोतला झाला. "मुदत काल संपली, पप्पा. धनाजी, लावा साखळी."

कान्हाशेठला एक वाक्य बोलता आलं असतं. गुलाबी कूलंट, पांढरे बूट, एवढंच. सगळा मांडव हसला असता आणि मिथुन हरला असता.  त्याऐवजी खिशातून किल्ली काढून त्यांनी धनाजीपुढे धरली. "रोग कलला," एवढंच म्हणाले.

धनाजीने साखळी उचलली. ती त्याला रोजच्यापेक्षा जड झालेली दिसत होती.

इतक्यात सुमित्राबाईंनी हळदीच्या भांड्यावरचं फडकं सोडलं आणि धवळा अर्ध्यावर थांबला. हळदीत मुठीएवढा खड्डा.

"कोनी हात घातला?"

 डीजेवाल्याने आवाज कमी केला.

"कान्हा."

"बाय, येकच मूठ..."

"कोनला लावली?"

कान्हाशेठनी बोटाने दाखवलं. सगळ्यांनी वळून बघितलं. होडी दारात उभी होती. बॉनेटच्या फटींतून, दिव्यांवरून, जाळीवरून कालचे पिवळे ओघळ सुकलेले.

सुमित्राबाईंनी भांडं खाली ठेवलं. "म्हंजे लगनाची पैली हलद होडीला लागली."

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"आता मिथूनला लावायची ती होडीची उष्टी," सुमित्राबाई म्हणाल्या. "आनी ईश्वरीला जायल ती उष्ट्याची उष्टी."

"आत्या, काय बोलतेस!" मिथुन ओरडला. "मी काय गाडीशी लग्न करतोय?"

"ता मना नको इचारू. तुझे बापाला इचार." मग त्या सावकाश धनाजीकडे वळल्या. "आनी तू. हलद लागलेल्याला लगनाबिगर वेशीभायेर धाडत नाय आमी. नवरा असो, नवरी असो, नाय तं ही. हलद उतरल्याबिगर ही कलंबोलीला जायाची नाय. सोड साखली."

"आताच बेलापूरला..." कान्हाशेठ प्रामाणिकपणे म्हणायला गेले. वैशालीवहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

धनाजीने साखळी सोडली, होडीला हात जोडले आणि तो जेवायला जाऊन बसला. त्याचा आनंद त्याने तीनदा वाढून घेतलेल्या मटणात दिसत होता. मिथुन काकांकडे वळला आणि हात पसरून म्हणाला, "आता आत्याच म्हणते म्हटल्यावर काय करणार? माझा नाइलाज आहे." इतका खूश नाइलाज मी आजवर पाहिलेला नाही.

लग्नाला मिथुन होडीतून गेला. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरची रांग होतीच. काटा हलला नाही. सोयऱ्यांच्या दारात ईश्वरीची आई पाय धुवायला उभी होती. कान्हाशेठ खाली उतरले आणि सगळे एकदम सावध झाले. त्या बाईंच्या दोन्ही हातांत एकेक तांब्या होता. एक त्यांनी मिथुनच्या पायांवर घातला आणि दुसरा, मान जराशी खाली घालून, कान्हाशेठपुढे धरला. "हिच्यासाटी," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आता बरेच महिने झाले. मिथुनची हळद दोन आंघोळींत उतरली. होडीची काही उतरत नाही. रविवारी कान्हाशेठ सुमित्राबाईंना बोलावतात, झाकण उघडतात, आणि पाणी पिवळंच. "नाय उतरली," सुमित्राबाई निकाल देतात. मिथुन हताशपणे मान हलवतो आणि बॉनेट पुसायला घेतो.

पण कान्हाशेठचा जीव बॉयलरवाल्याचा. कितीतरी वेळा धुतलेल्या रेडिएटरमधून पिवळं पाणी येईल कसं? परवा त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सायेब, चटई आना."

आम्ही पुन्हा जीपखाली झोपलो. फार वाट पाहावी लागली नाही. पायांची आता आम्हाला सवय आहे, पण हे नवीन होते. टाचांवर पुसट झालेली मेंदी, बोटांत कोरी करकरीत जोडवी. बॉनेट अगदी हलक्या हाताने उघडलं. मिसळणाच्या डब्याचं झाकण वाजलं. चिमूटभर काहीतरी पाण्यात पडलं, आणि ईश्वरी दबक्या आवाजात म्हणाली, "एवढ्यात नाय हं उतरायची."

पाय निघून गेले. 

"काय निदान, शेठ?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "या घरात गलती कुठंच नाय."